जगननं सांगितलेले सिनेमे

भोरच्या एसटी स्टँडमागं मानसिंगरावांची गवताची वखार होती. एका उन्हाळ्यात एक तंबूवाला सिनेमा घेऊन गावात आला. वळवाच्या वाऱ्यानं त्याचा तंबू उचलला आणि नीरेच्या पात्रात नेऊन टाकला. तंबूवाला मशीन, पडदा आणि आचारी मागं ठेवून परागंदा झाला. आचारी दुसऱ्या दिवशी गेला. मशीन मात्र मानसिंगरावांच्या वखारीत राहिलं, आणि ज्या धंद्यात आधीच्या माणसाचा तंबूसुद्धा शिल्लक राहिला नव्हता, त्या धंद्यात मानसिंगराव मोठ्या हौसेनं उतरले.

वखारीला तीन बाजूंनी दगडी भिंती होत्याच. चौथी त्यांनी मातीत उभी केली आणि वर पत्रे घातले. मागं खुर्च्या, मध्ये बाकडी, पुढं नुसती जमीन. डाव्या अंगाला अर्ध्या उंचीची भिंत घालून बायकांची बाजू वेगळी काढली आणि तिच्या दारावर आपल्या नात्यातल्या अंबूबाईला बसवलं. अंबूबाई तोंडाची फटकळ. तिच्या लहानपणीच नवरा गेलेला, त्यामुळं ती कुणाला भीत नव्हती. दर्शनी भिंतीवर मानसिंगरावांनी आईचं नाव रंगवून घेतलं, ‘मंजुळा टॉकीज’. हे चौसष्ट-पासष्ट सालचं.

भोरमध्ये स्टँडवर फळा लावला की लोकांना कळायचं. पण धंदा चालायचा तर डोंगरातली माणसं खाली उतरायला हवी होती, आणि वेल्ह्याच्या बाजारात फळा वाचायला कुणी थांबत नसे. तिकडं ओरडणारा माणूस हवा होता.

तो मानसिंगरावांना नदीवर सापडला. जगन मूळचा गुंजवण्याचा. छप्पन सालानंतर त्याच्या घरच्यांनी देव्हारा उतरवून बुद्धाची तसबीर लावली, तेव्हापासून जगन जलशात गात होता. पुढं जलशातली पोरं पोटामागं मुंबईला पांगली आणि जगन बायकोला घेऊन भोरला आला, भातगिरणीवर पोती वाहू लागला. त्या दिवशी त्याचा सासरा न कळवता आला आणि रतन पलीकडच्या काठाला धुणं धूत होती. जगननं अलीकडनं हाक मारली, “रतन! अगं, तुझा बा आलाय!”

पलीकडच्या सगळ्या बायका धुणं टाकून उठल्या. प्रत्येकीला आपलाच बाप आल्यासारखं वाटलं. पुलावरून चाललेल्या मानसिंगरावांनी जीप थांबवली.

“कुनाचा रं तू?”

“गुंजवण्याचा जगन, मालक. गिरणीवर असतो.”

“पोती वाहतोस? पोतं कुनीबी उचलंल. उद्यापास्नं टॉकीजवर ये.”

जगन गेला. जीपच्या टपावर कर्णा बांधलेला, आत बॅटरी, हातात माईक. काम सोपं होतं. नव्या सिनेमाचं नाव सांगायचं, तो चांगला आहे म्हणायचं आणि परत यायचं. अडचण एवढीच होती, की सिनेमाची पेटी पुण्याहून एसटीच्या टपावरून यायची ती शुक्रवारी दुपारी, आणि वेल्ह्याला जाहिरात करायची ती त्याच्या आधीच. म्हणजे जगनला नावाशिवाय काहीच ठाऊक नसायचं. तरी चार-दोन बाजार त्यानं नुसत्या नावावर रेटले.

मग एका बाजारी, ‘वाघजाईची आण’ असं नाव होतं तेव्हा, सोनबा नावाचा एक म्हातारा जीपपुढं येऊन उभा राहिला. वरच्या अंगाच्या वाडीचा कारभारी माणूस, खांद्यावर घोंगडं.

“चांगलं हाय, चांगलं हाय म्हंतोस,” सोनबा म्हणाला. “पर हाय काय त्यात?”

खरं उत्तर ‘मला काय ठाऊक’ हे होतं. पण कर्ण्यातून एवढ्या मोठ्यानं ‘मला काय ठाऊक’ म्हणणं जगनला बरं दिसेना. त्यानं समोर पाहिलं. मिरच्यांचे ढीग, सुकटाच्या पाट्या, पलीकडं डोंगर. डोंगराच्या सोंडेवर एक देऊळ.

“तात्या, त्यात एक बहीण हाय,” जगन म्हणाला. “अन् तिचा भाऊ पल्टनीत हाय.”

बाजारात निम्म्या घरांचं कोणी ना कोणी पल्टनीत होतं. सुकटवालीनं भरलेलं माप हातात तसंच धरलं. जगनला तिचे डोळे दिसले आणि मग त्याला थांबता येईना. भाऊ लढाईवर जातो. बहीण वाघजाईपुढं आण घेते, की तो येईपर्यंत हातात बांगडी भरणार नाही. गाव हसतं, मागणी घालणारा सावकाराचा पोर दात-ओठ खातो. एका संध्याकाळी तो तिला रानात गाठतो, तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून वाघ बाहेर येतो. वाघ पोराकडं बघतो, पोरीकडं बघतो, आणि तिच्या पुढं चालायला लागतो. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती डोंगर उतरते. गावाच्या वेशीत तिचा भाऊ उभा असतो, एका पायावर.

“दुसरा पाय?” सोनबानं विचारलं.

“दिला देशाला,” जगन म्हणाला, आणि त्याचा त्यालाच हुंदका आला.

त्या रविवारी दुपारच्या खेळाला वेल्ह्याकडून ट्रक भरभरून माणसं आली. मानसिंगरावांनी खुर्च्यांच्या मागं पोत्यांवर सुद्धा लोक बसवले. सिनेमा सुरू झाला. त्यात पाटलाचे दोन पोरगे विहिरीवरून भांडत होते. मध्यंतरापर्यंत ते भांडतच होते.

“वाघ कुठं हाय?” पुढून आवाज आला. मग सगळीकडून आला.

जगन दारात उभा होता. तो मागच्या मागं उंबऱ्याबाहेर सरकला. बायकांच्या बाजूला मात्र अंबूबाई उठली. तिनं हा सिनेमा शुक्रवारीच पाहिला होता आणि त्यात कुत्रंसुद्धा नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

“गप बसा!” ती भिंतीवरून ओरडली. “वाघ काय मध्यंतराच्या आधी येतोय व्हय? दमानं घ्या!”

लोकांनी दमानं घेतलं. शेवटी भाऊ-भाऊ एक झाले, विहिरीला पाणी लागलं, पडदा पांढरा झाला. वाघ आला नाही. सोनबानं बाहेर येऊन जगनची गचांडी धरली.

“वाघ?”

“होता तात्या,” जगन म्हणाला. पुढं काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं, तोंडानं ते आपोआप बोललं. “सरकारनं कापला.”

सोनबाचा हात सैल पडला. सरकारनं काहीतरी काढून घेतलं यावर विश्वास ठेवायला वेल्ह्याच्या माणसाला फार वेळ लागत नसे. तोंडातोंडी ती गोष्ट ट्रकपर्यंत गेली. पुण्यात वाघासकट दाखवतात आणि आपल्याकडं आला की वाघ कापतात, असं तिचं रूप झालं. पुढच्या आठवड्यात वाडीच्या लोकांनी मामलेदाराकडं अर्ज दिला, की आमच्या वेल्हे महालाच्या वाट्याचा वाघ आम्हाला परत मिळावा. मामलेदार नवे होते. त्यांनी खरा वाघ समजून अर्ज जंगलखात्याकडं पाठवला. जंगलखात्याचं उत्तर आलं, की सदर हद्दीत वाघ नाही. सोनबा ते उत्तर खिशात घेऊन वर्षभर हिंडला. सरकारनं आपल्या तोंडानं कबूल केलं, असं तो म्हणायचा.

जगन त्या रविवारी घरी गेला तो नोकरी गेली असं धरून. सकाळी मानसिंगरावांनी बोलावलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

“अजून लई सांगत जा,” ते म्हणाले. “वाघ नको. दुसरं कायतरी बघ.”

अशी पुढची काही वर्षं गेली. सिनेमाचं नाव कळलं की जगन त्यावर आपला सिनेमा बांधायचा. त्याच्या या उद्योगात रतनचा वाटा मोठा होता. ती घाटावर धुणं धुवायला जायची आणि बायकांना काय हवंय ते ऐकून यायची.

“अवं, ह्या टायमाला तिला मारू नका,” ती भाकरी थापता थापता सांगायची. “मागल्या बारीला मारली तर फुलाबाई दोन दिस जेवली न्हाई.”

“मग काय करू? नाव ‘धाकल्या धन्याची धनीण’ हाय.”

“सासूला मारा. सासूचं कुनाला काय वाटत न्हाई.”

सासू मरायची. मरताना सुनेचा हात धरून माफी मागायची, ही भर जगनची. रतन स्वतः टॉकीजमध्ये कधी गेली नाही. फुकट होतं तरी गेली नाही. “तुमी सांगता त्येवढं बास,” म्हणायची. आणि जगनही कुठला सिनेमा शेवटपर्यंत बघत नसे. दिवे मालवले, की तो दाराबाहेर विडी ओढत बसे. आत काय चाललंय ते बघितलं, तर आपल्या डोक्यातलं पुसून जाईल अशी त्याला भीती वाटायची.

वेल्ह्याच्या बाजारात आता त्याची वाट बघत असत. जीप दिसली की बायका पाट्या झाकून पुढं येऊन बसत. ज्या गावांत त्याच्या बापाला वेशीबाहेर थांबून हाळी द्यावी लागायची, त्या गावांचे पाटील जीपच्या चाकाला टेकून बसत आणि डोळे पुसत. गोष्ट संपल्यावर जगनच्या घशाला कोरड पडायची. तो हॉटेलवर पाणी मागायचा. हॉटेलवाला बाहेर येऊन त्याच्या ओंजळीत वरून ओतायचा.

“एवढ्या लांबनं वतता, निम्मं सांडतंय की,” जगन म्हणायचा.

“ते जाऊ द्या हो,” हॉटेलवाला म्हणायचा. “त्या पोरीच्या पोराला बापाचं नाव लागलं का न्हाई शेवटी?”

आधी हा माणूस त्याला अरेतुरे करायचा, आता अहोजाहो करू लागला होता. सिनेमामुळं वेल्ह्यात तेवढी एक सुधारणा झाली. पाणी वरूनच राहिलं.

गडबड कधी सुरू झाली ते नेमकं सांगता येत नाही. आधी ट्रक यायचे बंद झाले, मग एसटीनं येणारे कमी झाले. मानसिंगरावांना वाटलं, सुगीचे दिवस आहेत. सुगी संपली तरी माणूस येईना. पत्रा गळतो म्हणून त्यांनी डांबर लावून घेतलं. मशीनवरचा ज्ञानू नीट दाखवत नाही म्हणून त्याला झापलं. ज्ञानू म्हणाला, “मालक, बघायलाच कोन न्हाई तर नीट दाखवू कुनाला?”

वेल्ह्यात मात्र जीपभोवती गर्दी वाढतच होती. एका बाजारी जगननं गोष्ट संपवून सोनबाला विचारलं, “तात्या, रविवारी येताय न्हवं?”

सोनबानं घोंगडं झटकलं. “कशाला?”

“सिनेमा बघायला.”

“बघितला की आत्ता,” सोनबा म्हणाला. “तिथं जाऊन त्येचा इचका कशाला करून घ्यायचा? मागल्या बारीला तू केवढं सांगितलं हुतंस, अन् तिथं जाऊन बघतोय तर ती बया बागंत गानं म्हनत फिरतीया. तुझ्या सिनेमातली तशी न्हवती. आमी आपलं हितंच ऐकतो, घरला जातो.”

भोवतीच्या लोकांनी माना हलवल्या. जगनला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं, आणि जीप नसरापूरपर्यंत येते न येते तोच रविवारच्या रिकाम्या खुर्च्या डोळ्यांपुढं आल्या. तो हे कुणाला सांगणार होता? रतनला सांगितलं.

“म्हंजी तुमच्यापायी टॉकीज बसणार,” रतन म्हणाली.

“माझ्यापायी कशानं? लोकांना आवडतंय.”

“त्येच म्हंते म्या.”

मानसिंगरावांना कुणकुण लागलीच. एका बाजारी ते जगनला न कळवता एसटीनं वेल्ह्याला गेले आणि घोंगड्या विकणाऱ्याच्या आडोशाला बसले. गडीमाणूस काय घोळ घालतो ते बघायचं आणि तिथंच हाकलायचं, असं ठरवून गेले होते. जगननं सुरुवात केली. कुणी एक कुंभारीण होती, तिचा मुलगा शिकून मोठा साहेब झाला होता आणि आईला ओळख देत नव्हता. आई साहेबाच्या बंगल्याच्या दारात मडकी विकायला बसते. साहेबाची बायको मडकं वाजवून बघते आणि म्हणते, कच्चं आहे. आई म्हणते, बाई, भाजलंय गं मी, माझ्याच हातानं भाजलंय, पण कसं कोण जाणे, कच्चं निघालं.

घोंगडीवाला रडत होता. मानसिंगरावांनी त्याच्याच एका घोंगडीला डोळे पुसले. मग त्यांना आपण कशाला आलो होतो ते आठवलं. जगन जीपकडं वळला तसे ते पुढं झाले.

“भडव्या,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “समदंच सांगतोस व्हय रं? अर्धं सांग की! अर्धं सांगून सोड!”

पुढच्या बाजारापासून जगन अर्धं सांगू लागला. “पुढं काय झालं ते मंजुळा टॉकीजमध्ये,” म्हणून माईक बंद करायचा. लोक बाजार उरकून घरी गेले. मग त्यांनी उरलेलं अर्धं आपल्या आपण पुरं केलं. मार्गासनीच्या बायकांनी गोष्टीतल्या पोरीला नांदायला धाडली, वाडीच्या लोकांनी तिला विहिरीत ढकलली, आणि दोन्हीकडच्यांची बाजारात जुंपली. निकाल लावायला भोरला जायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोन्ही बाजूंना आपलंच खरं करायचं होतं, आणि सिनेमानं तिसरंच काहीतरी सांगितलं असतं.

मग मालकांनी हुकूम काढला, की पुन्हा नुसतं नाव सांगायचं. जगननं नुसतं नाव सांगितलं. बाजार ऐकत राहिला. जीप हलली तेव्हा सोनबा म्हणाला, “ह्ये सांगण्यासारखंबी दिसत न्हाई. लईच वंगाळ असंल.”

पुढं दुष्काळ पडला. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली आणि मंजुळा टॉकीजला कुलूप लागलं. जगनही खडी फोडायला गेला, रतन त्याच्या शेजारी. दुपारच्या भाकरीला कामावरच्या बायका म्हणायच्या, “जगनभाऊ, सांगा की एखादा.” नाव कुठून आणायचं? रतन म्हणाली, “बिननावाचा सांगा.” तो सांगायचा. सांगायला नाव लागत नाही, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं.

दुष्काळ सरला तरी टॉकीज उघडलं नाही. मातीची भिंत पोटाशी फुगली होती, पत्र्यांना भोकं पडली होती, आत वखारीच्या वेळची मांजरं परत आली होती. मानसिंगरावांचे जावई पुण्यात कंत्राटं घ्यायचे. त्यांनी सल्ला दिला, की हे पाडा आणि मंगल कार्यालय बांधा. लोक सिनेमाला येतील न येतील, लग्नाला येतातच. मानसिंगरावांनी आठवडाभर तोंड पाडून काढलं, मग जगनला बोलावलं.

“टॉकीज पाडायचं हाय,” ते म्हणाले. “पत्रं, वासं, बाकडी, खुर्च्या जागेवर इकायच्या. तू जीप काढ. भोरात फीर, शिवऱ्याला जा, वेल्ह्याला जा. गिऱ्हाईक आन.”

“म्या?”

“मग काय म्या वरडू?”

जगन घरी आला. रतननं विचारलं, काय सांगणार म्हणून. तो म्हणाला, “हाय ते.”

वेल्ह्याच्या बाजारात जीप उभी राहिली तेव्हा पुष्कळ दिवसांनी कर्णा बघून लोक धावत आले. जगननं माईक हातात घेतला आणि मंजुळा टॉकीजची गोष्ट सांगितली. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. तंबू नदीत कसा गेला, आचारी कसा मागं राहिला, वाघ कधी नव्हताच, मामलेदारानं अर्ज कुठं पाठवला, घोंगडीच्या आडोशाला मालक कसे रडले. माणसं पोट धरून हसली. शेवटी तो म्हणाला, की आता ते पाडणार आहेत, ज्याला पत्रा-वासा पाहिजे त्यानं यावं.

सोनबा हसून हसून खोकत होता. “ब्येस,” तो म्हणाला. “पर ह्ये मातुर तू पदरचं सांगतोस. वाघ न्हवता म्हंजी काय? सरकारचा कागद हाय माझ्याजवळ.”

“तात्या, आज सांगितलं त्येच खरं हाय.”

“व्हय व्हय,” सोनबा म्हणाला, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडं बघून डोळे मिचकावले.

पाडायच्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली. वेल्ह्याहून ट्रक आले, शिवऱ्याहून बैलगाड्या आल्या, भोरची माणसं चालत आली. शेंगदाणेवाला आला, गारेगारवाला आला. स्टँडवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी गाड्या सोडायचं थांबवलं. मानसिंगराव एक खुर्ची घेऊन बाहेर बसले होते, पत्र्यांचा भाव मनात धरून. पण पत्रा कुणी बघेना. लोकांनी समोरच्या मोकळ्या जागेत बैठक मारली. खुर्चीवाले मागं, बाकडीवाले मध्ये, जमिनीवाले पुढं. कुणी सांगितलं नव्हतं. बायका आपोआप डाव्या अंगाला बसल्या आणि अंबूबाई, जिथं ना भिंत ना दार अशा जागेवर उभी राहून, तिकडं सरकणाऱ्या बाप्यांना हुसकावत होती.

“एवढी गर्दी कधी झाली हुती का रं?” मानसिंगरावांनी जगनला विचारलं.

“वाघाच्या येळंला. पर एवढी न्हाई.”

मानसिंगरावांनी गर्दीवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, “तिकीट लावायला पायजे हुतं.”

गड्यांनी पत्रे उतरवले, तेव्हा प्रत्येक पत्र्याला टाळ्या पडल्या. वासे निघाले. मग मातीच्या भिंतीकडं दोघं पहारी घेऊन निघाले. ते पोचायच्या आतच भिंत एकदा आत झुकली, जणू आत कोण आहे ते बघून घ्यावं तशी, आणि बदकन् बसली. धुळीचा लोट उठला. तो विरला तेव्हा मागच्या दगडी भिंतीवर ताणलेला पडदा उघडा पडला, मळका, एका कोपऱ्यात फाटलेला, भर उन्हात.

लोक एकदम शांत झाले. आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”

सगळं मैदान हसलं. मानसिंगरावसुद्धा हसले, मग त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

जगन बायकांच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. अंबूबाई पडद्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत धूळ गेली असावी, ती सारखी पदर लावत होती.

“मावशी, तुमी तर समदं बघितलंत,” जगन म्हणाला. “लई वंगाळ असायचं का वो?”

अंबूबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं नजर काढून घेतली.

“वंगाळ?” ती म्हणाली. “त्या विहिरीच्या सिनेमात, धाकला भाऊ अंधारात येऊन थोरल्याच्या पोरीला पानी देऊन जातो. कुनाला न दिसता. अन् थोरला बाजंवर जागा असतो, त्येला समदं दिसतं, पर तो डोळं मिटून पडतो. धाकल्याला लाज वाटू नये म्हनून. म्या तो सात-आठ डाव बघितला असंल. दर बारीला तिथं रडले. अन् त्याच येळंला पुढं तुझी मानसं वरडत व्हती, वाघ कुठं हाय, वाघ कुठं हाय.”

जगन फाटक्या पडद्याकडं बघू लागला.

“तुझंबी चांगलं असायचं रे,” अंबूबाई जरा वेळानं म्हणाली. “न्हाई असं न्हाई. पर त्येंचंबी चांगलं व्हतं. त्ये कुनाला दिसलंच न्हाई.”

पहारींनी दगडी भिंत फोडायला घेतली. लोक एकेक करून उठले, धोतरं झटकली. जाताना ज्याला जे आवडलं ते त्यानं काखेत मारलं, कुणी फळी, कुणी खिळे, सोनबानं एक पत्रा. कुणाला थांबवायची मानसिंगरावांना ताकद राहिली नव्हती.

त्या संध्याकाळी जगननं रतनला विहिरीच्या सिनेमाची गोष्ट सांगितली, अंबूबाईनं सांगितली तेवढीच. पाणी देऊन जाणारा धाकटा आणि डोळे मिटून पडलेला थोरला. पुढचं त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं बनवलंही नाही. रतन चुलीपुढं बसून ऐकत होती.

“ह्ये तुमचं न्हवं,” ती म्हणाली.

“न्हवं.”

“कळलंच मला. तुमी त्या थोरल्याला उठवला असता.”

जगन हसला, पण त्याला नीट हसता आलं नाही. आपण खरंच त्याला उठवला असता, वर दोघांना गळ्यात गळा घालून रडवलं असतं, आणि बाजार खूश होऊन घरी गेला असता. दाराबाहेर बसून ओढलेल्या विड्या त्याला आठवल्या. आत जाऊन बसला असता तर कुणी अडवणार नव्हतं.

मंगल कार्यालय दुसऱ्या वर्षी उभं राहिलं. जावयाचं म्हणणं खरं ठरलं, लग्नाला माणसं आलीच. अंबूबाई बायकांच्या पंगतीवर नजर ठेवू लागली. ज्ञानूनं मशीनची जागा सोडून लाउडस्पीकरची जागा धरली. जगनकडं माईक आला, पण मालकांनी आधीच बजावलं, की कागदावर असेल तेवढंच वाचायचं, आहेर कुणाचा आणि कुणाकडून, बस. जगन तेवढंच वाचायचा. त्याचा आवाज अजून तसाच होता. पातेल्यांची आणि लुगड्यांची नावं तो अशी घ्यायचा, की जेवणारी माणसं घास हातात धरून वर बघायची.

एका दुपारी नवऱ्या मुलाची बस यायला उशीर झाला. मुहूर्त जवळ आला, माणसं जांभया देऊ लागली, पोरं रडायला लागली, मुलीच्या बापाचा जीव टांगणीला लागला. मानसिंगराव लगबगीनं जगनजवळ आले.

“जगन, जरा कायतरी सांग की लोकांना. तुझं ते पूर्वीचं. बस येईस्तवर.”

जगननं मांडवाकडं पाहिलं. पुढच्या रांगेत नवरीची आई मुठी आवळून बसली होती. त्याच्या ओठांवर एक सुरुवात आलीसुद्धा होती.

“नको मालक,” तो म्हणाला. “त्यो नवरदेव माझ्यापुढं फिका पडला तर लगीन मोडायचं.”

आणि माईक खाली ठेवून तो बाहेर फाटकाशी गेला, बस येते का ते बघायला.